मागच्या खोलीत गेलेली तेलाची डबी

मित्रांनो, मला हातात घ्यायचे तर खुशाल घ्या, पण झाकण लगेच उघडू नका. आधी माझी ओळख तरी करून घ्या. मी चर्चमधली तेलाची जुनी डबी आहे. अंगठ्याएवढी माझी उंची, पितळेचे अंग आणि वरून चांदीचा मुलामा. तो आता कडांना उडाला आहे. माझ्या पोटात कापसाचा बोळा असतो आणि त्या बोळ्यात मुरलेले ऑलिव्हचे तेल. कुणी फार आजारी पडले की फादर मला खिशात घालून त्याच्या घरी नेतात. बोळ्यावर अंगठा दाबतात आणि त्या तेलाने आजाऱ्याच्या कपाळावर व तळहातांवर क्रूस काढतात. या संस्काराला तैलाभ्यंग म्हणतात. आजाऱ्याला धीर यावा, देव जवळ आहे असे वाटावे, म्हणून तो असतो.

ऐकायला छान वाटते ना? पण माझे आयुष्य छान वासात गेलेले नाही. फुले, मेणबत्त्या आणि धूप हे सगळे वेदीवरच्या भांड्यांच्या वाट्याला आले. तो सोन्याचा पेला तर कपाटात सुद्धा मखमलीवर बसतो. माझ्या वाट्याला आले घाम, थुंकी, पू, ओली अंथरुणे आणि खाटेखाली विसरलेली भांडी. मी किती खोल्या पाहिल्या आणि किती खोल्यांमध्ये मला मळमळले, हे माझे मलाच आठवत नाही.

मला घडवणारा कारागीर सुद्धा स्वच्छतेचा फार भोक्ता नव्हता. त्याला बारमाही सर्दी होती. नाक शिंकरायचा, हात पँटला पुसायचा आणि पुन्हा मला लेथवर धरायचा. कसब मात्र त्याच्या बोटांत होते. माझ्या झाकणाचे आटे त्याने असे बारीक पाडले की उलटी धरली तरी थेंब बाहेर येऊ नये. झाकणावर त्याने एक कडी बसवली आणि मला फुंकर मारून खोक्यात टाकले. त्या फुंकरीतही कांद्याचा वास होता.

चर्चमध्ये आले तेव्हा तिथे थोरले फादर होते. अंगाने आडवे, आवाजाने मोठे. त्यांना नाक होते की नाही अशी मला शंका यायची. कितीही कोंदट खोली असो, ते आत जायचे, आजाऱ्याच्या खाटेवरच बूड टेकायचे आणि त्याचा हात हातात घेऊन आधी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. घरच्यांनी चहा दिला तर तिथेच बसून प्यायचे. मी त्यांच्या खिशात जीव मुठीत धरून बसायची. पण घरी परतले की ते पहिले काम माझे करायचे. जुना बोळा काढून जाळायचे, मला गरम पाण्याने धुवायचे, काडीला फडके गुंडाळून आट्यांमधला मळ काढायचे आणि नवा कापूस घालायचे. त्यामुळे मला किळस आली तरी ती अंगाला चिकटून राहत नसे. लोक माझे कौतुकही करत. एका आजारी बाईने तर मला ओठांना लावले होते. तिला खूप खोकला होता, पण तो मुका मी कधी पुसून टाकावा असे मला वाटले नाही.

थोरले फादर थकले आणि एके दिवशी त्यांच्याच कपाळाला माझे तेल लागले. त्यांच्या जागी तरुण फादर आले.

हे फादर हुशार होते. प्रवचन असे द्यायचे की मागच्या बाकांवरचे लोकही डुलक्या विसरत. गळा गोड होता. बाळाचा बाप्तिस्मा असो, मुलांना पहिल्यांदा पवित्र भाकर मिळते ते पहिले कम्युनियन असो की लग्न असो, जिथे पांढरे कपडे आणि फोटो तिथे ते मनापासून रमत. त्यांच्या हातात सदैव एक घडी घातलेला रुमाल असे. कुणाशी हात मिळवला की ते तो हळूच बोटांवरून फिरवत. म्हणून मुले त्यांना रुमालवाले फादर म्हणत. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांचे पोट नाजूक होते, एवढेच. कुणाला शिंक आली तरी ते मान वळवून उभे राहत. आणि आजाऱ्यांच्या घरून निरोप आला की म्हणत, "पाहतो. येतो सवडीने."

ती सवड फारशी मिळत नसे. त्यांनी मला गाडीच्या पुढच्या खणात ठेवून दिले. त्या खणात माझ्या शेजारी कोण होते सांगू? चघळून कागदात गुंडाळलेले च्युइंगगम, अर्धवट चोखलेली खोकल्याची गोळी, एक तुटका चष्मा आणि कधीतरी फुटलेली शाई. उन्हात गाडी तापायची. गोळी वितळून माझ्या बुडाला चिकटली. पोटातले तेल आधी जड झाले, मग खवट झाले. कापूस पिवळा पडला, मग तपकिरी. आट्यांवर चिकट थर जमला आणि त्यात धूळ बसली. इतकी वर्षे मला दुसऱ्यांची किळस यायची, आता माझी मलाच येऊ लागली.

आता मी तुम्हाला एका घराची गोष्ट सांगते.

चर्चजवळ एक चपलांचे दुकान होते. दुकानाच्या मागे घर, घरामागे अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक खोली. दुकान ज्याने उभारले तो म्हातारा सगळ्या पॅरिशला, म्हणजे आमच्या चर्चच्या सगळ्या लोकांना, ठाऊक होता. पहिल्या कम्युनियनचे पांढरे बूट घ्यायला मुले त्याच्याकडेच यायची. तो स्वतः जमिनीवर बसायचा, मुलाचे पाऊल आपल्या मांडीवर घ्यायचा आणि बोट कुठे टोचते का ते चाचपून पाहायचा. पुढे त्याच्या तोंडात गाठ आली. गाठीचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी हात टेकले. गाठ फुटून एका गालाला भोक पडले. त्यातून लाळ गळायची, पू यायचा, प्यायलेले पाणी बाहेर यायचे. आणि वास यायचा. मित्रांनो, त्या वासाला मी नाव देणार नाही, तुमचे जेवण व्हायचे असेल.

दुकान आता त्याचा मुलगा चालवत होता. वास दुकानापर्यंत येतो, गिऱ्हाइके नाक मुरडतात, असे म्हणून त्याने वडिलांना अंगणाच्या टोकाच्या खोलीत हलवले. तिथे आधी रिकामी खोकी ठेवत असत. खोकी तशीच राहिली, म्हाताऱ्याची खाट त्यांच्यामध्ये घातली. कुणी विचारले तर मुलगा सांगायचा, "बाबा आत्याकडे गेलेत, हवापालटाला." दाराखालच्या फटीतून तो रोज सुगंधी फवारा मारायचा. आत मात्र जायचा नाही. आत जायची ती सून. पट्टी बदलायची, तोंड पुसायची, चादरी धुवायची.

हे सगळे मला खणात बसून कसे कळले? तर ती सून मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर फादरांच्या गाडीपाशी आली होती. सासऱ्यांना तेलाचा संस्कार हवा आहे, त्यांचे बोलणे आता फारसे कळत नाही पण दोन्ही हात पुढे करून दाखवतात, असे तिने सांगितले. फादर म्हणाले, पाहतो. काही दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी तिने खोलीचेही सांगितले, नवऱ्याला हे आवडणार नाही हेही सांगितले. फादरांनी गाडी चालू केली आणि पुढच्या आठवड्यात नक्की, असे म्हणाले. मी खणात होते. तेल माझ्याजवळ होते. ते घर चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्या दिवशी माझ्या शेजारचे च्युइंगगम मला फादरांपेक्षा स्वच्छ वाटले.

मग त्याच घरातल्या मुलीच्या, म्हणजे म्हाताऱ्याच्या नातीच्या, पहिल्या कम्युनियनचा दिवस आला. चर्चमध्ये मुलींच्या पांढऱ्या झग्यांची रांग लागली. फादरांनी प्रवचनात सांगितले की एका भाकरीतून खाणारी माणसे एका घरची होतात. लोकांचे डोळे पाणावले. मिस्सा झाल्यावर दुकानदाराच्या अंगणात जेवण होते. खुर्च्या, टेबले, मोठा केक. फादर मुख्य पाहुणे. त्यांची गाडी अंगणातच लावली होती आणि काचा खाली होत्या, म्हणून मला सगळे ऐकू येत होते आणि खणाच्या फटीतून दिसतही होते.

कुणीतरी म्हाताऱ्याची चौकशी केली. दुकानदार हसून म्हणाला की बाबा आत्याकडे मजेत आहेत, नातीच्या आजच्या दिवसाला यायची फार इच्छा होती पण प्रवास झेपत नाही, नातीला आशीर्वाद कळवला आहे. हे तो बोलत होता आणि त्याच्या पाठीमागे, खुर्च्या संपल्या तिथून काही पावलांवर, ते बंद दार होते. दारासमोर त्याने फुलांच्या कुंड्या ओळीने मांडल्या होत्या. वास दबावा म्हणून अंगणभर फवारा मारला होता. गुलाबाचा फवारा, भाजलेले मटण आणि त्याखालून येणारा तो दुसरा वास. पाहुणे खात होते. काहींना वास आला असणार. पण ताटे कुणी खाली ठेवली नाहीत.

सून फादरांना वाढत होती. तिने पातेले टेबलावर ठेवले. आवाज न चढवता ती म्हणाली, "सासरे मागच्या खोलीत आहेत. फादर, मी तुम्हाला दोनदा सांगितलं. आता जेवायला आलाच आहात, तर त्यांनाही देऊन जा."

दुकानदार दातओठ खाऊन म्हणाला, "लोकांसमोर काय हे तुझं?"

तिने फादरांच्या समोरचे ताट उचलले.

फादर उठले आणि गाडीत येऊन बसले. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा पाहुण्यांना वाटले की ते पळाले. मलाही तसेच वाटले. पण ते चर्चमध्ये गेले आणि आजाऱ्यासाठी ख्रिस्तशरीर, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर, घेऊन गाडीत परतले. मग त्यांनी खण उघडला आणि मला ओढून काढले. वितळलेल्या गोळीची तार माझ्या बुडापासून लांबली. त्यांनी झाकण फिरवले. माझ्या पोटातला खवट वास त्यांच्या तोंडावर गेला आणि ते म्हणाले, "शी."

मित्रांनो, इतक्या घाणेरड्या खोल्यांमध्ये मी गेले, पण मला शी म्हणणारा कुणी भेटला नव्हता. ज्याने मला असे केले त्याने ते म्हणावे याचा मला इतका संताप आला की मला तोंड असते तर मी थुंकले असते. फादर बराच वेळ स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले. मग गाडी परत त्या अंगणाकडे वळली.

सुनेने कुंड्या बाजूला सारल्या आणि दार उघडले. आतली हवा बाहेर आली तशी फादर वळले, मोरीपाशी धावले आणि ओकले. त्यांच्या पांढऱ्या झग्यावर शिंतोडे उडाले. पाहुण्यांपैकी कुणी हसले, कुणी तोंड फिरवले. दुकानदार पुढे होऊन म्हणाला, "म्हणूनच मी नको म्हणत होतो, फादर. तुम्हाला त्रास."

सुनेने तांब्याभर पाणी आणले. "ओकून झालं?" तिने विचारले. "तोंड धुवा आणि चला आत."

फादरांनी तोंड धुतले. तेल खराब झाले आहे, असे त्यांनी तिला खालच्या आवाजात सांगितले आणि घरात ऑलिव्हचे तेल आहे का विचारले. सूर्यफुलाचे आहे, ती म्हणाली. चालेल, ते म्हणाले, एरवी तेलाला बिशप आशीर्वाद देतात, पण अशा वेळी मी स्वतः देऊ शकतो. मग तिने माझ्याकडे हात पुढे केला. जुना बोळा तिने जाळण्यासाठी बाजूला काढला. स्वयंपाकघरात, मेजवानीच्या खरकट्या ताटांशेजारी, तिने मला उकळत्या पाण्यात बुडवले, साबण लावला आणि आटे नखाने खरवडले. तिच्या बोटांना त्या खोलीचा वास होता. तो साबणाने जात नव्हता. तरी थोरल्या फादरांनंतर मला इतके स्वच्छ कुणी धुतले नव्हते.

आत एक दिवा, भिंतीला ओल, छतापर्यंत खोक्यांचे मनोरे. खाटेजवळ घाणेरडी फडकी टाकलेली बादली आणि तिच्यावर माश्या. उशीवर पिवळे डाग. म्हाताऱ्याने फादरांना पाहिले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? टॉवेल ओढून गाल झाकला. फादरांना बघवणार नाही म्हणून.

फादर म्हणाले, "राहू द्या आजोबा. मी यायला उशीर केला."

त्यांनी टॉवेल हळूच बाजूला केला आणि पाहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. पण या वेळी ते बाहेर गेले नाहीत. सून बाहेर थांबली, कारण आता कन्फेशन, म्हणजे फक्त फादरांनी ऐकायची पापांची कबुली, होणार होते. म्हाताऱ्याचे शब्द फुटत नव्हते, म्हणून फादरांना आपला कान त्या तोंडाजवळ, अगदी त्या भोकाजवळ न्यावा लागला. म्हातारा पुटपुटत राहिला आणि लाळ फादरांच्या कानावर, मानेवर उडत राहिली. त्याने काय सांगितले ते मी खिशातून ऐकले. पण ते सांगायचे नसते, म्हणून सांगत नाही.

मग माझे काम झाले. फादरांनी सूर्यफुलाच्या तेलाला आशीर्वाद दिला, नव्या बोळ्यावर अंगठा दाबला, म्हाताऱ्याच्या कपाळावर क्रूस काढला आणि मग तळहातांवर. त्याचे हात आधीच उघडे होऊन वाट पाहत होते.

आता ख्रिस्तशरीर द्यायचे होते. फादरांनी सुनेला आत बोलावले. तिच्यामागोमाग नात दारापर्यंत आली. बापाने तिला दंडाला धरून मागे ओढले. "झगा खराब होईल," तो म्हणाला. तो स्वतः उंबऱ्याबाहेर उभा होता, नाकावर हात धरून. आजोबांना काय देणार, असे मुलीने विचारले. सून आतूनच म्हणाली, "तुला मिळालं तेच."

फादरांनी बारीकसा तुकडा चमच्याच्या पाण्यात भिजवून म्हाताऱ्याच्या जिभेवर ठेवला. म्हाताऱ्याने डोळे मिटले, गिळायचा प्रयत्न केला आणि ते सगळे गालातल्या भोकातून बाहेर आले, पू आणि रक्त मिसळून. ते जमिनीवर पडू नये म्हणून फादरांनी खाली तळहात धरला. सगळे त्या हातावर पडले. मला खोटे बोलायचे नाही, त्या क्षणी मला इतकी शिसारी आली की मी डोळे मिटले असते, पण डबीला पापण्या नसतात. फादरांनी ग्लासभर स्वच्छ पाणी मागवले, पवित्र तुकडा फेकायचा नसतो म्हणून हातावरचा तुकडा त्यात सोडला, म्हणजे तो तिथे विरघळेल आणि नंतर चांगल्या मातीत ओतता येईल. मग आपल्या रुमालाने म्हाताऱ्याची हनुवटी पुसली. पुन्हा एक, आणखी लहान तुकडा घेतला. सुनेने म्हाताऱ्याचे डोके चांगल्या बाजूला कलते केले आणि त्याच्या गळ्यावरून वरून खाली बोटे फिरवली. घोट उतरला. म्हातारा रडला. डोळ्यांतले ते पाणी सुद्धा वाहत त्या भोकापाशी गेले.

थोड्या वेळाने त्याने आपला तेलाचा हात उचलून दाराकडे केला. मुलाला बोलावत होता. खोलीतल्या सगळ्यांना कळले, मुलालाही कळले.

"पाहुणे खोळंबलेत," मुलगा म्हणाला आणि निघून गेला.

म्हातारा हात उचलून तसाच राहिला. शेवटी तो फादरांनी धरला. बाहेर केक कापल्याच्या टाळ्या ऐकू येत होत्या.

म्हातारा त्यानंतर फार दिवस जगला नाही. त्याला चर्चमध्ये आणले तेव्हा गालावर पांढरा रेशमी कपडा होता आणि शवपेटीत इतकी फुले की माणूस शोधावा लागे. मुलगा सगळ्यांत मोठ्याने रडला. त्याने वाकून वडिलांच्या कपाळाचा मुका घेतला. लोकांना सांगत होता, "बाबांना सगळे संस्कार मिळाले, माझ्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत." लोक माना डोलवत होते. फादरांच्या खिशात मी होते. मागच्या खोलीत मला जी किळस आली ती धुतल्यावर निघून गेली. त्या मुक्याची आली, ती अजून गेली नाही.

सून मागच्या बाकावर बसली होती. शेजारची एक बाई तिला म्हणाली की तुझे मन मोठे, तुला किळस कशी आली नाही.

"येत होती," सून म्हणाली. "रोज यायची. एकदा तर पट्टी तशीच टाकून मी बाहेर पळाले होते. पण ते हाक मारत नव्हते हो, नुसते दाराकडे बघत बसायचे. मग जावं लागायचं." आणि ती आपली बोटे पदराला पुसत राहिली.

रुमालवाले फादर आता आजाऱ्यांकडे जातात. त्यांचे पोट काही सुधारलेले नाही. दोन-तीनदा कुणाच्या तरी मोरीत ओकल्याचे मी पाहिले आहे. पण निरोप आला की त्याच दिवशी निघतात आणि घरी आल्यावर मला स्वतः धुतात. धुताना नाक आक्रसतात, ते मला दिसते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, तेल ताजे ठेवा, असे मी म्हणेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरातही एखादे दार असेल, जे पाहुणे आले की लोटून घेतात. त्या दारामागचे माणूस घाण वास येणारे असेल, थुंकत असेल, अंथरूण ओले करत असेल. तुम्हाला किळस येईल. मलाही येते आणि माझा जन्मच त्या कामासाठी आहे. तरी आत जा. फादरांना आणि मला बोलवायची वाट पाहू नका. आम्ही पोचतो तेव्हा बहुतेकदा त्या माणसाला फारसे बोलता येत नसते, आणि त्याला जे कुणाला तरी सांगायचे होते, ते ऐकायला खोलीत एक परका माणूस आणि एक पितळेची डबी असते.